गंधर्वांचा अंबाडा आणि तिकिटाचा दर



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला त्या दिवशी मी मंडळाच्या वधूशृंगार विभागाची वही पुढे घेऊन बसले होते. आपल्यापैकी पुष्कळजणींस ठाऊकच आहे की, लग्नसराईत नवरीचा अंबाडा घालणे, वेण्या-गजरे माळणे, शालू नेसविणे ही कामे आपल्या चार-पाच सभासद भगिनी करतात आणि त्याचे पंधराशे रुपये घेतात. यंदा गावात तेच काम आठशे रुपयांत करून देणारे एक नवे दुकान निघाले आणि पाहता पाहता आपल्या हातची चार लग्ने गेली. मागच्या बैठकीत निम्म्याजणींचे मत पडले की, आपण दर सातशेवर आणावा. उरलेल्या गप्प बसल्या. मी खजिनदार, पण मलाही त्या वेळी काही सुचले नाही.

म्हणून लेखाला विषय निवडला तो नटसम्राट बालगंधर्वांच्या चरित्राचा. नवरीच्या अंबाड्याचा आणि नाटकातल्या नटाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. एका काळी महाराष्ट्रातल्या बायकांना केस कसे बांधावे, गजरा कोठे माळावा, पदर कसा घ्यावा हे एका पुरुषाने शिकविले. आणि आपल्या कलेचा दर काय असावा, याचाही धडा त्याच पुरुषाने घालून दिला. त्यातला एक धडा गिरविण्यासारखा आहे, तर दुसरा पाहून सावध व्हावे असा आहे. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात, म्हणून ते आयुष्य थोडक्यात सांगते.

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. जन्म २६ जून १८८८ चा. घराणे सांगलीकडच्या नागठाण्याचे. घरात गाण्याची आवड होती आणि मुलाचा गळा उपजतच गोड होता. लहानपणी काही काळ ते जळगावास नातेवाइकांकडे राहिले, तेथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांना गाण्याची पहिली तालीम मिळाली. पुढे पुण्यास लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या पोराचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले. ते नाव जन्मभर टिकले. सत्तरी उलटल्यावरही ते बालगंधर्वच राहिले.

त्या काळी संगीत नाटकांत अग्रेसर मंडळी म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांची. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' यांनी तिने महाराष्ट्राला वेड लावले होते. परंतु अण्णासाहेब गेले, आणि पुढे १९०१ साली स्त्रीभूमिका करणारे गोड गळ्याचे भाऊराव कोल्हटकरही गेले. मंडळीची रया गेली. अशा वेळी, १९०५ साली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने नारायणराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि मिरजेस शकुंतलेच्या वेषात प्रथम उभे राहिले. वय सतरा. त्या एका मुलाने बसलेली कंपनी पुन्हा उभी केली, असे म्हटले तरी वावगे होणार नाही.

स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची तेव्हा घरंदाज समाजात सोय नव्हती, म्हणून पुरुष स्त्रीवेष घेत. आपल्या तालुक्यातील लोकांस पुरुषाच्या अंगावरच्या स्त्रीलेण्यांचे तितकेसे नवल वाटू नये. आपल्या माधानचे प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज त्याच काळातले. स्वतःस श्रीकृष्णाची पत्नी मानून ते कुंकू आणि मंगळसूत्र धारण करीत. त्यांचा भाव भक्तीचा आणि नारायणरावांचा कलेचा, तेव्हा दोहोंची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे की, ज्या भावात मनुष्य पूर्ण बुडतो, तेथे पाहणाऱ्याला वेष दिसत नाही, भावच दिसतो.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. भामिनीची भूमिका नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा, असे इतरांना वाटले. नारायणरावांनी ऐकले नाही. आलेले प्रेक्षक परत पाठवावयाचे नाहीत, एवढाच त्यांचा हट्ट. मुलीचे दुःख पोटात ठेवून त्यांनी रंग लावला, टोप चढविला आणि श्रीमंताघरच्या अल्लड भामिनीचे हसू चेहऱ्यावर आणले. त्या रात्री घरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कशा असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. चरित्रकार नटाच्या निष्ठेचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण त्या निष्ठेची किंमत घरच्या बाईनेही मोजली, हे आपण बायकांनी विसरू नये.

'मानापमाना'त हीच भामिनी पुढे वनमाला नावाच्या गरीब मुलीचे सोंग घेते. धनाढ्य कन्येचा रुबाब आणि वनमालेचा साधेपणा, दोन्ही एकाच नटाने एकाच रात्री दाखवावयाचे. पुढे १९१६ च्या 'स्वयंवरा'त ते रुक्मिणी झाले. १९१९ साली राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सिंधू झाले. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले आणि महिन्याभरातच बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दारुड्याची बायको सिंधू ही ठिगळे लावलेल्या लुगड्यात, अंगावर फुटका मणी नसलेली अशी त्यांनी उभी केली. रुक्मिणीच्या भरजरी शालूला टाळ्या देणारे प्रेक्षक त्याच माणसाच्या फाटक्या लुगड्यापुढे रडले. शृंगार म्हणजे दागिन्यांची भरती नव्हे, हे शिकावयाचे तर येथे शिकावे.

आता केशरचनेविषयी थोडे, कारण तोच माझा धंदा. नारायणराव रंगभूमीवर टोप घालीत. त्यांची जुनी छायाचित्रे नीट न्याहाळली तर मधोमध भांग, कानशिलांवरून सैलसर उतरलेले केस, मानेवर टेकलेला अंबाडा आणि कानामागून डोकावणारी फुले, अशी मांडणी वारंवार दिसते. तोवर आपल्याकडे बायका तेल चोपून, केस ओढून घट्ट खोपा घालीत. त्यामुळे कपाळ मोठे दिसे आणि गालांची हाडे वर येत. कानशिलांवर केस थोडे सैल सोडले की चेहऱ्याची कड मऊ होते. गोष्ट एवढीशी आहे, पण तिने मुद्रा पालटते.

माझ्या आजेसासूबाईंनी गंधर्वांचे नाटक पाहिले होते. कपाशी विकून हातात पैसा खेळू लागला की अमरावती, अकोला, खामगाव या बाजूस नाटक मंडळ्या मुक्कामाला येत. अशाच एका वर्षी गंधर्व कंपनी अमरावतीस आली असता चांदूर बाजारहून दमणी जुंपून घरच्या तिघी जावा गेल्या. सोबत दशमीचे गाठोडे आणि एक म्हातारा गडी. तिकिटाला किती पडले, हा आकडा आजेसासूबाई कधी सांगत नसत. सांगत त्या एवढेच की, त्या वर्षी पाटल्यांची घडणावळ राहून गेली. बायकांच्या बाजूला बसून त्यांनी रुक्मिणी पाहिली आणि परत आल्यावर तिघींनी आरसा मधे ठेवून एकमेकींचे केस पुन्हा बांधले. मोठ्या जावेचे तोंड लांबट, तिला तो सैल अंबाडा शोभून दिसला. आजेसासूबाईंचा चेहरा भाकरीसारखा गोल, त्यांना तो मुळीच शोभला नाही. मग त्यांनी आपल्या मनाने अंबाडा वर चढविला आणि गजरा मात्र गंधर्वांसारखा कानामागे ठेवला. पुढे मरेपर्यंत त्या तसाच घालीत.

या गोष्टीत केशरचनेचे सारे शास्त्र आले. नक्कल संपूर्ण करावयाची नसते, आपल्या तोंडाला सोसेल तेवढीच घ्यावयाची असते. गोल चेहऱ्याला डोक्यावर उंची द्यावी आणि गालांच्या बाजूला भर टाळावा. लांब चेहऱ्याला उलट करावे, वर चापट आणि कानांशी भर. कपाळ रुंद असेल तर भांगाच्या दोन्ही बाजूंस केस थोडे खाली उतरवावे. मान आखूड असेल तर अंबाडा मानेवर बसवू नये, त्याने मान आणखी बुडते. केस विरळ असतील तर गंगावन लावावे, पण ते नवरीच्या केसांच्या रंगाशी जुळवून, नाही तर फोटोत दोन रंग उठतात. नारायणरावांचे मोठेपण असे की, त्यांना आपला चेहरा पालटता येत नव्हता, म्हणून त्यांनी चेहऱ्याभोवतीचे सर्व काही पालटले. नवरीच्या बाबतीत आपणही दुसरे काय करतो?

त्यांची लोकप्रियता इतकी वाढली की, साबण, तोंडाला लावण्याची पावडर, शक्तिवर्धक औषधे यांच्या जाहिरातींवर त्यांचे रूप झळकू लागले. दुकानदारांना नेमके कळले होते की, या चेहऱ्याच्या आधाराने माल खपतो. आपल्या रूपाचा बाजारात दर काय, हे स्वतः नारायणरावांना मात्र शेवटपर्यंत कळले नाही, असे मला वाटते. ते कसे, हे आता सांगते.

१९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. बोडस विनोदी भूमिकांतले मातब्बर, टेंबे चाली बांधण्यात आणि पेटीवादनात निष्णात. दोन वर्षांनी टेंबे निघाले, पुढे बोडसही निघाले. व्यवहार पाहणारे शहाणे भागीदार गेले आणि कंपनी एकट्या नारायणरावांची झाली. गाण्याला भास्करबुवा बखल्यांसारखे गुरू होते आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. कमी होती ती एका गोष्टीची, हिशेब विचारणाऱ्या माणसाची.

नारायणरावांचा एक नियम असे की, रंगभूमीवर खोटे काही आणावयाचे नाही. शालू खरा, जर खरी, अत्तर खरे, गालिचे खरे. प्रेक्षकाला लांबून फरक कळत नाही, हे त्यांना मान्य नव्हते. १९२० साली 'द्रौपदी' नाटक काढले तेव्हा मयसभेच्या देखाव्यावर आणि पोशाखांवर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. मंडळीत शेकड्याच्या घरात माणसे, त्यांचे दोन वेळचे जेवण, मुक्कामाचे बिऱ्हाड, रेल्वेचे भाडे, तबला-सारंगीचे नामवंत साथीदार, हा खर्च रोजचा. खेळ असो वा नसो, चूल पेटतच असे. आणि पंगतीला बसलेल्या माणसाला हात आखडून वाढणे नारायणरावांच्या स्वभावात नव्हते.

स्पर्धा नव्हती असे मुळीच नाही. हुबळीस १९०८ साली केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श मंडळी स्थापन केली होती. केशवराव म्हणजे खणखणीत आवाजाचा गवई नट. आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक याच मंडळीने १९१३ साली रंगभूमीवर आणले आणि त्यात केशवराव मृणालिनी झाले होते. १९१८ साली मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. वामनरावांचे 'रणदुंदुभी' १९२७ साली त्यांनी केले. अशा तीन तीन मंडळ्या एकाच महाराष्ट्रात, बहुधा त्याच गावांत, त्याच प्रेक्षकांसाठी झटत होत्या.

या चढाओढीत लक्षात घेण्यासारखे आहे ते हे की, प्रत्येकीने आपापली वाट धरली. गंधर्वांची मदार सौंदर्य आणि आर्जवी गाणे यांवर. ललितकलादर्शाची नवे विषय, रंगविलेले पडदे आणि केशवरावांची बुलंद तान यांवर. बलवंताची गडकऱ्यांच्या भाषेवर आणि दीनानाथांच्या झेपावणाऱ्या गळ्यावर. प्रेक्षक कोणाचे तिकीट चार आण्यांनी स्वस्त हे पाहून नाटकाला जात नसे. आज गंधर्व की केशवराव, हा प्रश्न तो विचारीत असे. दुसऱ्याकडे मिळत नाही ते आपल्याकडे असले, म्हणजे दराचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

या स्पर्धेचा कळस झाला तो ८ जुलै १९२१ रोजी. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. धैर्यधर केशवराव आणि भामिनी नारायणराव. ज्यांच्या चाहत्यांचे आपसात पटत नसे, ते दोघे एका रंगमंचावर. तिकीट पाच रुपयांपासून शंभर रुपयांपर्यंत. शंभर रुपये! मास्तरांना महिन्याचा पगार म्हणून मिळत नसत एवढे पैसे लोकांनी एका रात्रीच्या एका खुर्चीला मोजले, आणि थिएटर भरले. दोन स्पर्धकांनी एकमेकांचे पाय ओढून दर उतरविला असता तर कदाचित पाच रुपयांचीही खुर्ची रिकामी राहिली असती. दोघे एकत्र आले आणि दर आकाशाला भिडला. दोघेही त्या रात्री जीव ओतून गायले. कोण जिंकला, यावर पुढे जन्मभर वाद घालणारे लोक होते. मला विचाराल तर रसिक जिंकले.

दुर्दैव असे की, त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस.

आणि त्याच सुमारास गंधर्व कंपनीचे हिशेब उघडे पडले. खुर्च्या भरत होत्या, तिकिटे खपत होती, तरीही कंपनीवर लाखाच्या पुढे कर्ज झालेले निघाले. हे कसे, असे आपल्याला वाटेल. उत्तर सोपे आहे. तिकिटाचा दर काय घ्यावा, हे नारायणरावांना कळत होते. एक प्रयोग आपल्याला केवढ्याला पडतो, हे त्यांनी कधी मांडून पाहिले नाही. जमेचा आकडा मोठा पाहून मनुष्य सुखावतो, पण खर्चाचे पान उलटून पाहावयास त्याला धीर होत नाही. संसारातही असेच होते. त्यांनी नादारी घ्यावी, असा सल्ला काहीजणांनी दिला होता म्हणतात. तो त्यांनी मानला नाही. सावकाराच्या देखरेखीखाली राहून, वर्षानुवर्षे खेळांमागून खेळ करून त्यांनी ते कर्ज फेडले. देणे बुडविले नाही, हा त्यांच्या चारित्र्याचा मोठाच गुण होय.

परंतु कर्ज फिटले तरी सवय फिटली नाही. १९३१ साली 'कान्होपात्रा' गाजले, आणि त्याच वर्षी हिंदी बोलपट आला. पुढच्या वर्षी मराठी बोलपट आला. बोलपटाचे तिकीट थोड्या आण्यांचे, खेळ दिवसातून दोन-तीन वेळा, आणि नटाला गावोगाव हिंडावयास नको, डबा हिंडला की झाले. एकदा केलेला खर्च शेकडो खेळांवर वाटला जाई. नाटक मंडळीला प्रत्येक रात्री नवी चूल पेटवावी लागे. ही स्पर्धा केशवरावांच्या स्पर्धेसारखी नव्हती. येथे गाण्याला गाणे भिडत नव्हते, खर्चाला खर्च भिडत होता. अशा सामन्यात स्वस्ताशी स्वस्ताईने झुंजणारा हटकून हरतो. एकामागून एक मंडळ्या बसल्या.

नारायणराव १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथ झाले. व्ही. शांताराम दिग्दर्शक, म्हणजे घर नामांकित. पण समोर प्रेक्षक नाहीत, एकेक तुकडा वेगवेगळा गावयाचा, हे त्यांच्या जिवाला मानवले नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले. तेव्हा पन्नाशी जवळ आली होती, शरीर स्थूल झाले होते. टोप तोच, अंबाडा तोच, पण त्याखालचा चेहरा तो राहिला नव्हता. पुढे कर्नाटकातून आलेल्या गोहरबाई त्यांच्या मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. १९४० साली लक्ष्मीबाई वारल्या. १९५१ साली त्यांनी गोहरबाईंशी विवाह केला. या विवाहावरून लोकांनी पुष्कळ बोलून घेतले. उतारवयात पायांनी साथ सोडली, पैसा नव्हता, नाटक नव्हते, तेव्हा त्यांची सेवा त्याच बाईने केली, हेही लोकांनी बोलावयास हवे होते. १९६४ साली गोहरबाई गेल्या. त्याच वर्षी सरकारने नारायणरावांना पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. पुण्यात त्यांच्या नावाने बांधलेल्या रंगमंदिराचा पाया १९६२ साली त्यांच्याच हस्ते घातला गेला होता. ते रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, उघडले. ते पाहावयास ते राहिले नाहीत.

असे हे आयुष्य. वाचून झाल्यावर मी वधूशृंगार विभागाची वही पुन्हा उघडली आणि नारायणरावांनी न केलेली गोष्ट करून पाहिली. एका नवरीचे काम आपल्याला केवढ्याला पडते, हे मांडले. फुले अडीचशे रुपयांची. आकडे, जाळी, गंगावनाची झीज आणि इतर किरकोळ सामान सव्वाशे. शिरजगाव, करजगाव, आसेगाव अशा गावी जाण्यायेण्याचे सरासरी सव्वाशे. एकूण पाचशे. पंधराशेतून पाचशे गेले, हजार उरले. दोघीजणी पाच-पाच तास उभ्या राहतात, म्हणजे एकीला पाचशे. आता दर सातशे केला तर उरतात दोनशे, एकीला शंभर. पाच तास उभे राहून शंभर रुपये! सोयाबीन निंदावयास गेले तरी याहून अधिक मिळतात. चार लग्ने परत मिळविण्यासाठी आपण आपल्याच बायांना निंदणाच्या मजुरीखाली ढकलणार काय? हा आकडा मागच्या बैठकीत माझ्याजवळ असावयास हवा होता. नव्हता, हा खजिनदार म्हणून माझा दोष. तो येथे कबूल करते.

मग आठशेत त्या दुकानाला कसे परवडते? मी एका नवरीचे काम मुद्दाम जाऊन पाहिले. काम वाईट नाही. मुलीचा हात हलका आहे. पण फुले कापडाची, सर्व नवऱ्यांना एकच अंबाडा, नवरीने दुकानात जावयाचे, आणि तासाभरात मोकळे. म्हणजे ते काम वेगळे आणि आपले वेगळे. ज्यांना ते पुरते त्यांनी ते घ्यावे, त्यात कमीपणा नाही. आपण चेहरा पाहून अंबाडा घालतो, ताजी फुले माळतो आणि नवरीच्या घरी जातो. आपल्याला हे लोकांना सांगता आले नाही, एवढेच आपले चुकले. लोकांना फक्त पंधराशे आणि आठशे हे दोन आकडे दिसले.

म्हणून वार्षिक सभेपुढे मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, पूर्ण शृंगाराचा दर पंधराशेच ठेवावा, पण त्यात काय काय येते ते फलकावर स्पष्ट लिहावे. 'संयुक्त मानापमाना'ला पाच रुपयांचीही खुर्ची होती, तसा केवळ अंबाडा आणि गजरा, तोही आपल्या मंडळात येऊन, सहाशे रुपयांत करून द्यावा. सामान अडीचशेचे आणि दीड तासाचे एकीचे काम, तेव्हा तो परवडतो. दुसरी, जिच्या घरी खरोखर अडचण आहे तिच्याकडून फक्त फुलांचे पैसे घ्यावे, आणि ही गोष्ट वहीत वेगळ्या पानावर लिहावी, म्हणजे दान किती आणि तोटा किती हे कळेल. पंगत वाढताना नारायणरावांनी हे पान ठेवले असते तर!

तिसरी गोष्ट सांगताना थोडी भीती वाटते, पण सांगते. वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला आपण केशरचनेचा कार्यक्रम ठेवतो. यंदा त्या दुकानातल्या मुलीलाही बोलवावे, असे माझे मत आहे. एका खुर्चीवर तिची नवरी, दुसऱ्या खुर्चीवर आपली. तिने आपल्याकडून चेहरा पाहावयास शिकावे, आपण तिच्याकडून हात चपळ कसा चालवावा ते शिकावे. मी तिला विचारूनही आले आहे. तिने लगेच हो म्हटले नाही. आईला विचारून सांगते म्हणाली आणि जाताना माझ्या अंबाड्याकडे मात्र दोनदा वळून पाहिले.

माझा अंबाडा आजेसासूबाईंसारखा वर चढविलेला असतो, गजरा कानामागे. चेहरा माझाही गोलच आहे.

तरी सर्व भगिनींनी सभेला अगत्य यावे आणि येताना मनाशी थोडा हिशेब करून यावे, ही विनंती. लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी.